फेसावर जाऊ नका

तगडी बीअर फसली की लोक माल्टला दोष देतात, हॉप्सला देतात, हवेला देतात. माझ्या बघण्यात दोष बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या दोन लिटरांत सापडतो, म्हणजे पिंपात घालण्याआधी यीस्ट वाढवून घेतात त्या स्टार्टरमध्ये. पिंप भरून झाकण लावलं तेव्हाच पुढच्या तीन आठवड्यांचा निकाल लागलेला असतो, फक्त तो आपल्याला कळलेला नसतो.

माझं गाव वडगाव निंबाळकर. नीरा-बारामती रस्त्यावरचं, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर जगणारं, चारी बाजूंनी ऊस. एका अंगाला सोमेश्वरनगर, दुसऱ्या अंगाला माळेगाव. साखर कारखाना म्हणजे काय आणि त्याच्या मळीचं पुढे काय होतं, हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मी नोकरी मात्र जिल्ह्याबाहेरच्या एका आसवनीत केली, तीही यीस्ट विभागात. त्या कारखान्याचं नाव घेत नाही, कारण पुढे तिथलीच एक गोष्ट सांगायची आहे. आसवनीत बीअर बनत नाही हे खरं. पण यीस्टला मळी द्या, माल्टचं पाणी द्या, द्राक्षाचा रस द्या. त्याची कामाची रीत तीच राहते आणि रुसण्याची कारणंही तीच.

आधी कायद्याचं बोलून घेतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. हौस म्हणून, घरच्यापुरती म्हणून, अशी सवलत त्यात नाही. आमच्या गावात पोलीस ठाणं आहे, आणि ‘कच्चे रसायन नष्ट केले’ हे वाक्य पेपरात वाचायची या भागाला सवय आहे. तेव्हा इथे राहून कुणी हा लेख वाचून पातेलं चुलीवर चढवू नये. हे लिहितोय ते परवानाधारक मायक्रोब्रुअरीत कामाला लागलेल्या पोरांसाठी, आणि आपल्या घराघरांतले जे भाचे-पुतणे परदेशात बसून हा उद्योग करतात त्यांच्यासाठी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या बीअरला परवाना लागत नाही. विकायची तेवढी नाही. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी घरच्या बीअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा इंग्लंडात असतो. दोन-तीन साध्या बीअर चांगल्या जमल्यावर त्याला इम्पिरियल स्टाउट करायची लहर आली. अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबारासाठी जात असे ती काळी, दाट, चढणारी बीअर. आपल्याकडे बाटलीवर ‘स्ट्राँग’ छापलेलं असतं ती आठ टक्क्यांच्या आत असते. याला नऊच्या पुढची हवी होती. सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या मानाने घनता, १.०९०, पिंप वीस लिटरचं. रात्री फोन आला.

“मामा, स्टार्टर भारी झालाय. फेस बाटलीच्या तोंडाशी आलाय.”

“पाकीट कधीचं?”

“फ्रीजमध्ये पडलं होतं. तीन-चार महिने झाले असतील.”

“मग किती पेशी असतील त्यात?”

“आता ते मी कसं मोजू? पण फेस बघा ना तुम्ही, व्हिडिओ लावतो.”

त्याने व्हिडिओ लावला. फेस छानच होता. मी त्याला म्हटलं, बाबा रे, फेस म्हणजे फक्त वायू सुटतोय एवढीच खबर. कामाला दहा माणसं आहेत की दहा हजार, हे फेस सांगत नाही. तो हसला आणि ओतून मोकळा झाला.

त्या फेसाने मोठमोठ्या कारखान्यातली माणसंसुद्धा फसतात, म्हणून त्या आसवनीची गोष्ट. तिथे कल्चर वाढवायची रीत अशी: परीक्षानळीत अगरवर वाढवलेलं शुद्ध यीस्ट आणायचं. पुण्याच्या बाजूला आपलं नशीब असं की मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे आणि पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. त्या नळीतून दहा मिलिलिटर, त्यातून शंभर, मग एक लिटर, दहा, शंभर, असं दरवेळी साधारण दहापट करत जायचं. थेट नळीतून टाकीत कुणी जात नाही. कारण सोपं आहे. मोकळ्या गोड पाण्यावर यीस्ट एकटं नसतं. हवेतले, नळीतले, हातावरचे जंतूही त्यावर टपलेले असतात. दहापटीच्या पायरीत यीस्ट ती जागा काही तासांत भरून काढतं आणि बाकीच्यांना शिरकाव उरत नाही. पायरी शंभरपटीची केली की तेवढा वेळ जागा रिकामी राहते.

एका उन्हाळ्यात रात्रपाळीत वीज गेली आणि यीस्टच्या टाकीतला हवेचा ब्लोअर बंद पडला. वीज आली तेव्हा टाकीवर हातभर फेस होता. पाळीवरच्या माणसाने फेस बघितला, खूश झाला आणि माल पुढच्या फर्मेंटरमध्ये सोडून दिला. सकाळी आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली थेंब घेतला तर यीस्टच्या गोल पेशींमध्ये काड्यांसारखे जंतू, भरपूर. मिथिलीन ब्लू टाकलं की मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पांढऱ्या राहतात. त्या दिवशी निळ्यांचीच गर्दी. चांगल्या टाकीत एका मिलिलिटरला वीस कोटींच्या आसपास जिवंत पेशी हव्यात, तिथे निम्म्याही नव्हत्या. त्या फर्मेंटरचं अल्कोहोल कमी आलं, वेळ जास्त गेला, वॉशला, म्हणजे आंबलेल्या मळीच्या पाण्याला, आंबूस वास मारत होता. अशा वेळी लोक मळीच्या प्रतीवर बिल फाडतात. मळी तीच होती, आदल्या टाकीला चाललेली.

यीस्टच्या बाबतीत हवेचं महत्त्व नवख्याला पटत नाही, कारण दारू तर हवा नसताना बनते असं शाळेत शिकलेलो असतो. दारू बनते, पेशी नीट बनत नाहीत. नवी पेशी फुटायची तर तिला भोवतीचं आवरण लागतं, त्या आवरणाला स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं लागतात, आणि ती बनवायला प्राणवायू लागतो. हवेशिवाय चार-दोन पिढ्या निघतात, मग आवरण पातळ पडत जातं. पातळ आवरणाची पेशी तीन-चार टक्के अल्कोहोलमध्ये निभावून नेते. सात-आठ टक्क्यांना ती गळते, आतलं बाहेर यायला लागतं. साध्या बीअरला कसाही केलेला स्टार्टर चालून जातो आणि तगड्या बीअरला चालत नाही, त्याचं मर्म इथे आहे. भाच्याच्या आधीच्या बीअर जमल्या होत्या त्या त्याच्या स्टार्टरमुळे नव्हे. कामच हलकं होतं.

आता हिशेब. साध्या एल जातीच्या बीअरला धरायचा आकडा असा: दर मिलिलिटरला, दर एक अंश प्लेटोला साडेसात लाख पेशी. प्लेटो म्हणजे आमच्या ब्रिक्सचा सख्खा भाऊ, शंभर ग्रॅम द्रवात किती ग्रॅम विरघळलेला माल. १.०९० म्हणजे साधारण साडेएकवीस प्लेटो. वीस लिटरला गुणा, उत्तर येतं ३२ हजार कोटी पेशी. थंडीत आंबवायच्या लागरला याच्या दुप्पट. द्रवरूप यीस्टचं ताजं पाकीट साधारण १० हजार कोटींचं असतं, आणि फ्रीजमध्येही महिन्याला त्यातला पाचवा हिस्सा मरतो. म्हणजे भाच्याच्या पाकिटात पाच हजार कोटी असल्या तर पुष्कळ. हवं त्याच्या सहाव्या हिश्श्यावर त्याने स्टार्टर सुरू केला. एक लिटरच्या बाटलीत, न ढवळता, त्या पाच हजारांच्या फार तर दुप्पट झाल्या असतील. फेस मात्र तेवढाच दिसतो.

स्टार्टर करायचा तो असा. एक लिटर पाण्याला शंभर ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्टची पावडर, ग्रॅव्हिटी १.०३५ ते १.०४० च्या मध्ये येते. वीस लिटर तगड्या बीअरला दोन लिटर स्टार्टर, म्हणजे दोनशे ग्रॅम पावडर. पंधरा मिनिटं उकळायचं. ही पावडर उकळी फुटताना अशी उसळते की गॅस विझतो, तेव्हा भांडं अर्धं रिकामं हवं आणि नजर तिथेच हवी. चंचुपात्रातच उकळायचं असेल तर ते बोरोसिलिकेटचं हवं; साध्या काचेची बरणी गरम असताना गार पाण्यात धरली की गेली. झाकण ठेवूनच वीस-बावीस अंशांपर्यंत गार करायचं, मग यीस्ट. तोंडाला उकळत्या पाण्यातून काढलेली किंवा सॅनिटायझर फवारलेली अॅल्युमिनियमची चांदी सैल बसवायची. बूच मारायचं नाही. वायूला वाट पाहिजे आणि हवेला आत यायला वाव पाहिजे. बाटलीला घट्ट बूच मारून रात्री झोपलेल्या माणसाला सकाळी भिंत पुसावी लागते, काच लागली तर त्याहून वाईट.

चुंबकाची ढवळणी मिळाली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. ती यीस्टला तरंगत ठेवते, वायू सुटून जातो आणि हवा थोडी थोडी आत ओढली जाते. ढवळणीवर दोन लिटरांत त्या पाच हजार कोटींच्या तीस हजार कोटींच्या आसपास होतात. नुसतं येता-जाता हलवलं तर त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही, मग दोन फेऱ्या कराव्या लागतात: पहिला स्टार्टर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून द्यायचं, तळच्या गाळावर पुन्हा ताजं माल्टचं पाणी. दुसऱ्या फेरीचा आळस केला की सगळं मुसळ केरात.

‘तगडी बीअर आहे तर स्टार्टरही तगडा करू, यीस्टला सवय होईल’ हा विचार भाच्याच्या डोक्यात आला होता, आणि तो बहुतेकांच्या डोक्यात येतो. ऐकायला बरा वाटतो, पण उलटा आहे. दाट गोड पाण्यात यीस्ट आधीच ताणाखाली येतं, त्यात स्वतःच्याच अल्कोहोलात बुडतं, आणि तुम्ही पिंपात घालता तेव्हा थकलेलं असतं. त्यातून साखर जास्त असली की हवा दिली तरी यीस्ट पेशी वाढवण्याऐवजी दारूच करत बसतं. म्हणूनच पावाचं यीस्ट बनवणाऱ्या कारखान्यात टाकीत मळी एकदम ओतत नाहीत; हवा जोरात आणि मळी हळूहळू, असं तासन्‌तास चालतं. त्यांना पेशी विकायच्या असतात, दारू नव्हे. स्टार्टर करताना आपण त्यांच्या जागी असतो. पातळ ठेवा, हवेशीर ठेवा, चव बघू नका. विरजण ताक म्हणून चाखायचं नसतं.

गुळाचा प्रश्न आला नसता तर मला नवल वाटलं असतं. त्याच्या आईने पाठवलेली गुळाची ढेप त्याच्या घरात होती. “मामा, स्टार्टर गुळाच्या पाण्यात केला तर? बारामतीचा गूळ इंग्लंडच्या बीअरमध्ये!” बीअरमध्ये घाल, स्टार्टरमध्ये नको, एवढंच मी सांगितलं. माल्टच्या पाण्यातली मुख्य साखर माल्टोज. ती पेशीच्या आत घ्यायला आणि फोडायला यीस्टला वेगळी यंत्रणा उभी करावी लागते. ग्लुकोज, सुक्रोज अशी सोपी साखर भरपूर मिळाली की यीस्ट ती यंत्रणा बंद ठेवतं. गुळाच्या पाण्यात वाढलेलं यीस्ट माल्टमध्ये टाकलं की ते आधी बराच वेळ गोंधळतं. बेल्जियमचे लोक तगड्या बीअरमध्ये साखर घालतात हे खरं, पण ती एकूण मालाच्या दहा-पंधरा टक्के, आणि शहाणे लोक ती आंबणं जोरात सुरू झाल्यावर घालतात, म्हणजे यीस्टने आधी माल्टोजला हात घातलेला असतो. गूळही तसाच, पाण्यात उकळून, गाळून, गार करून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

त्याचा पुढचा प्रश्न मात्र ऐकून मी खुर्चीत सरळ झालो. “आसवनीत तुम्ही युरिया टाकता ना? मग मी चिमूटभर टाकू का?” मळीत नत्र कमी पडतं, म्हणून आसवनीत युरिया किंवा डीएपी देतात, हातभट्टीवाला काळ्या गुळात नवसागर टाकतो तोही, त्याला ठाऊक असो वा नसो, त्याच कामाला येतो. पण आसवनीतला माल पुढे स्तंभातून गाळला जातो. बीअर गाळली जात नाही, जे घातलं ते पिलं जातं. युरिया आणि अल्कोहोल मिळून इथाइल कार्बामेट तयार होतं आणि ते कर्करोगाला निमंत्रण देणारं मानलं जातं. पिण्याच्या मालात युरिया कधीही नाही. माल्टच्या पाण्यात नत्र बहुधा पुरेसं असतंच. कमी पडतं ते जस्त. दुकानात ब्रुअरचं यीस्ट न्यूट्रिएंट मिळतं, पाकिटावर लिहिलंय तेवढंच, उकळताना शेवटच्या दहा मिनिटांत.

स्टार्टर एक-दोन दिवसांत निवतो. मग तो फ्रीजमध्ये ठेवायचा, दिवसभर नाहीतर दोन दिवस. यीस्ट तळाशी दुधाळ पिवळसर थर करून बसतं, वर उरतं ते बेचव, हवेने शिळं झालेलं पाणी. ते पाणी ओतून द्यायचं, थर ढवळून तेवढाच पिंपात. दोन लिटर शिळं पाणी वीस लिटरात गेलं तर चव बिघडते. ओतण्याआधी वास घ्यायचा. पावासारखा, थोडा फळाचा वास ठीक. दह्यासारखा, व्हिनेगरसारखा, नाहीतर जळक्या रबरासारखा आला तर तो स्टार्टर मोरीत. पाकिटाचे पैसे गेले म्हणून जीव हळहळतो, पण मागे पिंपभर माल्ट उभं असतं. तापमानाचंही बघायचं. गार यीस्ट किंचित उबदार बीअरमध्ये चालतं. उबदार यीस्ट गार पिंपात टाकलं की ते धक्का खाऊन तळाशी बसून राहतं. इंग्लंडातल्या हिवाळ्यात त्याच्या घराच्या मागच्या खोलीत पंधरा अंश असतात, आमच्याकडे मे महिन्यात चाळीस. आमचा सगळा जीव टाकी तेहतीसच्या वर जाऊ नये यात जायचा, त्याचा पिंप सोळाच्या खाली जाऊ नये यात.

आणि पिंपातही हवा. तगड्या बीअरचं पाणी दाट, त्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, गरज मात्र जास्त. हलवून-झटकून जेमतेम आठ भाग दर दशलक्ष मिळतात. ज्यांच्याकडे प्राणवायूची लहान नळकांडी आणि बारीक छिद्रांचा दगड आहे ते मिनिटभर सोडतात, आणि नऊ टक्क्यांच्या बीअरला बारा तासांच्या आसपास पुन्हा एकदा. त्यानंतर मात्र हवेचं नाव काढायचं नाही. नंतर गेलेली हवा बीअरला ओल्या पुठ्ठ्याची चव आणते.

भाच्याच्या पिंपाचं काय झालं? तीन दिवस फेस, पाचव्या दिवशी शांत. तिसऱ्या आठवड्यात ग्रॅव्हिटी १.०४२ वर अडकली. ती १.०२५च्या खाली तरी यायला हवी होती. त्याला वाटलं, काळी बीअर आहे, गोडसर असायचीच. साखर घातली, बाटल्या भरल्या, जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. अडकलेलं यीस्ट मेलेलं नसतं. बाटलीत भरताना ढवळलं गेलं, थोडी हवा मिळाली, घरात हीटर सुरू झाला आणि ते पुन्हा कामाला लागलं. ग्रॅव्हिटी एका बिंदूने, म्हणजे ०.००१ ने, उतरली की बीअरमध्ये साधारण तिच्या आकारमानाच्या निम्मा वायू तयार होतो. नेहमीच्या बीअरमध्ये अडीच पट असतो, साधी बाटली तीन-साडेतीनपर्यंत निभावते. ग्रॅव्हिटी दहा बिंदू उतरली तर पाच पट वायू, तोही आधीच्या अडीचवर. कपाटात पहिली बाटली रात्री फुटली आणि तिच्या काचांनी शेजारच्या दोन फोडल्या. कपाटाच्या दारात काच रुतली होती. दार बंद होतं म्हणून बरं.

अशी वेळ आली तर काय करायचं ते नीट वाचा. बाटल्यांना लगेच हात लावायचा नाही. डोळ्यांना गॉगल, हातात जाड हातमोजे, अंगात जाड जाकीट, बाटलीवर टॉवेल. शक्य असेल तर खोलीच थंड करायची, खिडक्या उघडून, हीटर बंद करून. थंडीत दाब उतरतो. मग एकेक बाटली टॉवेलात धरून बूच हळूहळू सैल करायचं. पोरंबाळं, कुत्रं-मांजर घरातून बाहेर. कुणी म्हणेल, दोन बाटल्या राहू दे, चव तरी बघू. नको.

मुळात भरण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. ग्रॅव्हिटी हायड्रोमीटरने मोजायची. अल्कोहोल झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर खोटं बोलतो, त्याला दुरुस्ती लावावी लागते. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा यावा. पण अडकलेल्या बीअरमध्येही आकडा तोच येतो, म्हणून दुसरी गोष्ट. पहिल्याच दिवशी पिंपातलं कपभर पाणी वेगळ्या बाटलीत काढायचं, त्यात यीस्ट मुबलक घालायचं, उबदार जागी ठेवून हलवत राहायचं. दोन-तीन दिवसांत ते जिथे थांबतं तो त्या मालाचा खरा तळ. पिंप त्या तळाच्या आसपास पोचलेलं नसेल तर ते संपलेलं नाही, झोपलेलं आहे. आसवनीत आम्ही हे लहान फ्लास्कमध्ये करायचो, मळीत किती साखर खरोखर आंबण्याजोगी आहे ते बघायला. या कपभर पाण्याचा कंटाळा करणारे लोक बाटल्या फोडतात.

अडकलेल्या पिंपावर कोरडं यीस्ट भुरभुरवून उपयोग होत नाही. पाच टक्के अल्कोहोलात कोरडी पेशी जागी होताहोताच मरते. नवा स्टार्टर करायचा, तो ऐन जोमात असताना त्यात पिंपातली बीअर थोडी थोडी घालत न्यायची, निम्म्याला निम्मी झाली की मग सगळं पिंपात. पिंप अठरा-वीस अंशांवर आणायचं. तरीही भरवसा नाही.

कोरड्या यीस्टचा विषय निघालाच तर हेही सांगतो, आणि हे यीस्ट विभागातल्या माणसाने सांगावं हे जरा गमतीचं आहे: स्टार्टरची कटकट नको असेल तर चांगल्या कोरड्या यीस्टची दोन-तीन ताजी पाकिटं घ्या आणि कोमट पाण्यात भिजवून थेट घाला. कारखान्यात ते भरपूर हवेवर वाढवलेलं असतं, आवरणाचा साठा त्यात आधीच भरलेला असतो. त्याचा स्टार्टर करणं म्हणजे तो साठा फुकट खर्चणं. ज्यांना एखाद्या विशिष्ट जातीचंच यीस्ट पाहिजे, आणि ते द्रवरूपातच मिळतं, त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

एक इशारा मायक्रोब्रुअरीतल्या पोरांना. फर्मेंटर धुवायला आत उतरायचं असेल तर आधी वारा मारा, मीटरने हवा तपासा, बाहेर माणूस उभा ठेवा, कमरेला दोर. कार्बन डायऑक्साइड हवेहून जड असतो, टाकीच्या तळाशी पाण्यासारखा साचून राहतो आणि दिसत नाही. आत कोसळलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. आसवन्यांमध्ये, मळीच्या टाक्यांत माणसं अशीच गेली आहेत. घरी आडव्या डीप फ्रीजरमध्ये पिंप ठेवणाऱ्यांनीही आत डोकं घालून वास घ्यायचा नाही.

आज हे सगळं शुद्ध कल्चरवर चालतं, त्याची सुरुवात १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत झाली. एमिल हॅन्सनने एकाच पेशीपासून यीस्ट वाढवून दाखवलं, आणि मालकाने ते पेटंट न घेता इतरांना देऊन टाकलं. त्याआधी दारूवाले आदल्या खेपेचा गाळ पुढच्या खेपेला वापरत. ती रीत वाईट नव्हती, फक्त त्यात कोण कोण शिरलंय हे कळत नसे.

आणि त्या जुन्या रीतीचाच एक भाग अजून उपयोगाचा आहे. भाच्याला मी आता स्टार्टर करूच नको म्हणून सांगितलं. आधी त्याच यीस्टवर १.०४० ची हलकी बीअर कर, वीस लिटर. ती दहा-बारा दिवसांत होईल आणि प्यायलाही मिळेल. ती बाटल्यांत भरलीस की पिंपाच्या तळाशी जो गाळ उरेल, त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मा त्याच दिवशी, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत, तगड्या बीअरला घाल. दोन लिटरच्या बाटलीत चार दिवस खपून जेवढ्या पेशी होतात त्याहून जास्त तिथे आयत्या मिळतात. हलक्या बीअरमध्ये हॉप्स कमी घाल, म्हणजे गाळ कडू राहणार नाही. पिंप उघडताना सॅनिटायझर हाताशी असू दे. तगडी बीअर झाल्यावर तिचा गाळ मात्र पुढे वापरायचा नाही; नऊ टक्क्यांतून निघालेलं यीस्ट अर्धमेलं असतं, त्याला मोरी दाखवायची.